वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीच्या नकाशांद्वारे रेडिओ दीर्घिकांचे मापन

वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीच्या नकाशांद्वारे रेडिओ दीर्घिकांचे मापन ही निरीक्षणात्मक विश्वरचनाशास्त्रातील एक सांख्यिकीय पद्धत आहे. दूरच्या रेडिओ दीर्घिका आकाशात कोठे व किती दाट आहेत, याची तुलना या पद्धतीत विश्वाच्या आरंभकाळातून येणाऱ्या सूक्ष्मतरंग प्रारणाच्या नकाशांशी केली जाते. दीर्घिकांभोवतीच्या वस्तुमानाने त्या प्रारणाच्या मार्गात घडवलेले सूक्ष्म बदल मोजून लक्षावधी रेडिओ दीर्घिकांचे सरासरी अंतर, त्यांच्या परिसरातील कृष्णद्रव्य आणि त्यांचे मोठ्या प्रमाणावरील वितरण यांचा अंदाज बांधता येतो.

महाराष्ट्रातील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जीएमआरटी) या दुर्बिणीने केलेल्या टीजीएसएस या आकाश सर्वेक्षणाच्या संदर्भात या पद्धतीला विशेष महत्त्व आले. या सर्वेक्षणातील रेडिओ स्रोतांमध्ये मोठ्या कोनीय अंतरांवर अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक गर्दी दिसत होती. ही गर्दी विश्वाच्या रचनेचा भाग आहे की मापनातील त्रुटी, या प्रश्नाचा निवाडा करण्यासाठी प्लँक या अवकाशयानाने तयार केलेले सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीचे नकाशे उपयोगी पडले.

रेडिओ दीर्घिका

ज्या दीर्घिकांमधून रेडिओ तरंगांचे अतिशय प्रबळ उत्सर्जन होते, त्यांना रेडिओ दीर्घिका म्हणतात. अशा दीर्घिकेच्या केंद्रस्थानी प्रचंड वस्तुमानाचे कृष्णविवर असते. त्याच्याकडे ओढल्या जाणाऱ्या द्रव्यापैकी काही भाग दोन विरुद्ध दिशांना झोतांच्या रूपाने बाहेर फेकला जातो. या झोतांतील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास वेगाने चुंबकीय क्षेत्रात फिरतात व सिंक्रोट्रॉन प्रारण उत्सर्जित करतात. हंस तारकासमूहातील सिग्नस ए ही या प्रकारातील सर्वाधिक परिचित दीर्घिका होय.

रेडिओ दीर्घिका फार दूरवरून दिसतात आणि त्यांच्या तरंगांना वैश्विक धुळीचा अडथळा होत नाही, म्हणून विश्वाच्या मोठ्या भागाचा आढावा घेण्यास त्या सोयीच्या असतात. मात्र त्यांचे अंतर ठरवणे कठीण असते. दीर्घिकेचे अंतर सामान्यतः तिच्या ताम्रसृतीवरून, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे वर्णरेषांच्या तरंगलांबीत झालेल्या वाढीवरून काढतात. सिंक्रोट्रॉन प्रारणाचा वर्णपट सलग असतो. त्यात ओळखीची वर्णरेषा नसल्यामुळे केवळ रेडिओ निरीक्षणातून ताम्रसृती मिळत नाही. जवळची क्षीण दीर्घिका आणि दूरची तेजस्वी दीर्घिका रेडिओ नकाशात सारख्याच दिसू शकतात.

यावरचा प्रचलित उपाय म्हणजे रेडिओ स्रोताच्या जागी दृश्य किंवा अवरक्त प्रकाशात दीर्घिका शोधून मोठ्या दुर्बिणीने तिचा वर्णपट घेणे. उदाहरणार्थ, वासुकी तारकासमूहातील टीएन जे०९२४−२२०१ या रेडिओ दीर्घिकेची ५.१९ ही ताम्रसृती १९९९ मध्ये अशा रीतीने निश्चित झाली. हायड्रोजनची १२१.६ नॅनोमीटर तरंगलांबीची अतिनील वर्णरेषा या दीर्घिकेच्या वर्णपटात सुमारे ७५३ नॅनोमीटरला, म्हणजे लाल प्रकाशाच्या टोकाला सरकलेली आढळते. लाखो स्रोतांसाठी हा मार्ग व्यवहार्य नाही.

वारंवारता वाढताना ज्यांचे तेज फार झपाट्याने कमी होते, असे स्रोत बहुधा अधिक दूरचे असतात. त्यामुळे वर्णपटाचा तीव्र उतार हा दूरच्या दीर्घिका निवडण्याचा एक निकष मानला जातो. राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्रातील सी. एच. ईश्वरचंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी जीएमआरटीच्या १५० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेवरील निरीक्षणांतून असे स्रोत वेचून २०१० मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा निकष संशयित निवडून देतो. अंतर मात्र सांगत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

रेडिओ स्रोतांच्या मोजणीवरून विश्वाविषयी निष्कर्ष काढण्याचा प्रयत्न सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीच्या शोधाहून जुना आहे. १९५० च्या दशकात व १९६० च्या दशकाच्या आरंभी केंब्रिज येथील मार्टिन राइल यांच्या गटाने क्षीण स्रोतांची संख्या स्थिर स्थिती सिद्धांताच्या अपेक्षेपेक्षा अधिक असल्याचे प्रतिपादन केले. त्याला उत्तर म्हणून फ्रेड हॉइल आणि त्यांचे तेव्हाचे विद्यार्थी, कोल्हापुरात जन्मलेले जयंत विष्णू नारळीकर यांनी १९६१ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. स्रोतांचे वितरण मोठ्या प्रमाणावर असमान असेल, तर स्थिर स्थितीच्या विश्वातही अशी मोजणी मिळू शकते, असा त्यांचा मुद्दा होता. स्थिर स्थिती सिद्धांत पुढे मागे पडला. मोजणीचा अर्थ लावताना स्रोतांची गर्दी लक्षात घ्यावी लागते, ही बाब मात्र आजच्या विश्लेषणातही कायम आहे.

भारतात या विषयाची पायाभरणी गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी केली. त्यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेली तमिळनाडूतील उटी रेडिओ दुर्बीण १९७० मध्ये कार्यान्वित झाली. चंद्र एखाद्या रेडिओ स्रोतासमोरून जाताना त्याचे तेज कसे घटते, यावरून त्या स्रोताचा कोनीय आकार काढण्याचे काम तेथे मोठ्या प्रमाणावर झाले. क्षीण स्रोतांचा कोनीय आकार सरासरीने लहान असतो, हा स्वरूप व विजय कपाही यांचा १९७५ मधील निष्कर्ष उत्क्रांत होणाऱ्या विश्वाच्या कल्पनेशी सुसंगत ठरला.

सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीचे नकाशे

महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी विश्व पुरेसे थंड होऊन इलेक्ट्रॉन व प्रोटॉन यांचे अणू बनले आणि प्रकाश मुक्तपणे संचार करू लागला. तो प्रकाश आज सर्व दिशांनी सूक्ष्मतरंगांच्या स्वरूपात येतो. त्याचे तापमान सुमारे २.७२५ केल्विन आहे. आर्नो पेन्झियास व रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ मध्ये हे प्रारण प्रथम टिपले. त्यातील तापमानाचे चढउतार सुमारे एक लक्षांश इतके सूक्ष्म असतात. १९८९ मध्ये सोडलेल्या कोबे, २००१ मध्ये सोडलेल्या डब्ल्यूमॅप आणि २००९ ते २०१३ या काळात निरीक्षणे करणाऱ्या प्लँक या अवकाशयानांनी या चढउतारांचे अधिकाधिक तपशीलवार नकाशे तयार केले.

हे प्रारण दृश्य विश्वातील सर्व दीर्घिकांच्या मागून येते. त्यामुळे त्याचा उपयोग पडद्यामागील दिव्यासारखा होतो. वाटेत आलेल्या वस्तुमानाच्या खुणा त्यावर दोन प्रमुख मार्गांनी उमटतात.

गुरुत्वीय भिंग परिणाम

दीर्घिका व कृष्णद्रव्य यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे पार्श्वभूमी प्रारणाचा मार्ग किंचित वाकतो. हे विचलन सरासरी २ ते ३ कला, म्हणजे अंशाच्या विसाव्या भागाच्या आसपास असते. त्यामुळे तापमानाच्या नकाशातील ठिपक्यांचा आकार वस्तुमान अधिक असलेल्या दिशेला थोडा ताणला जातो आणि कमी असलेल्या दिशेला आक्रसतो. या विकृतीचे सांख्यिकीय विश्लेषण करून वाटेतील एकूण वस्तुमानाचा नकाशा काढता येतो. त्याला भिंग-नकाशा म्हणतात. प्लँकने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला भिंग-नकाशा सुमारे ७० टक्के आकाश व्यापतो. या परिणामातील मोठा वाटा १ ते ३ या ताम्रसृतींच्या पट्ट्यातील वस्तुमानाचा असतो. रेडिओ दीर्घिकांचा बराच भाग याच पट्ट्यात येत असल्यामुळे दोन्ही नकाशांचा मेळ घालणे लाभदायक ठरते.

समाकलित साक्स-वुल्फ परिणाम

विशाल दीर्घिकासमूहांच्या गुरुत्वीय विहिरीत शिरताना प्रकाशकणाची ऊर्जा वाढते व बाहेर पडताना घटते. कृष्ण ऊर्जेमुळे विश्वाचे प्रसरण वेगावत असल्याने प्रकाशकण आत असतानाच ती विहीर उथळ होते आणि थोडी ऊर्जा शिल्लक राहते. परिणामी दाट प्रदेशांच्या दिशेने पार्श्वभूमी किंचित उष्ण दिसते. स्टीफन बॉन व रॉबर्ट क्रिटेंडेन यांनी २००४ मध्ये डब्ल्यूमॅपच्या नकाशाची रेडिओ दीर्घिका व क्ष-किरण पार्श्वभूमी यांच्याशी तुलना करून या परिणामाचा पुरावा मांडला.

पद्धत

मापनाची सुरुवात रेडिओ स्रोतांच्या सूचीपासून होते. आकाशाचे समान क्षेत्रफळाचे लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात सरासरीपेक्षा किती अधिक वा उणे स्रोत आहेत, हे मोजले जाते. आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्याजवळचे आणि सदोष निरीक्षणांचे भाग वगळले जातात. उरलेल्या आकाशासाठी दोन राशी काढतात. पहिली राशी म्हणजे स्रोतांच्या नकाशाची स्वतःशीच तुलना, अर्थात स्वसंबंध. दुसरी म्हणजे स्रोतांच्या नकाशाची भिंग-नकाशाशी तुलना, अर्थात परस्परसंबंध. दोन्ही राशी निरनिराळ्या कोनीय अंतरांसाठी स्वतंत्रपणे मोजल्या जातात.

दीर्घिका कृष्णद्रव्याच्या वितरणाचे तंतोतंत अनुसरण करत नाहीत. मोठ्या दीर्घिका अधिक दाट प्रदेशांत एकवटलेल्या असतात. दीर्घिकांची गर्दी कृष्णद्रव्याच्या गर्दीच्या किती पट आहे, हे दर्शवणाऱ्या गुणांकास अभिनती म्हणतात. स्वसंबंध अभिनतीच्या वर्गाच्या प्रमाणात, तर परस्परसंबंध अभिनतीच्या प्रमाणात बदलतो. शिवाय अंतरानुसार दीर्घिकांची संख्या कशी बदलते, यावर या दोन राशी वेगवेगळ्या रीतीने अवलंबून असतात. त्यामुळे दोन्ही एकत्र वापरल्यास अभिनती आणि अंतरानुसार वितरण यांना एकमेकांपासून काही प्रमाणात वेगळे करता येते. केवळ स्वसंबंधातून हे साधत नाही.

या पद्धतीचा दुसरा लाभ त्रुटींशी संबंधित आहे. समजा, आकाशाच्या एका भागात स्रोतांचे तेज चुकून जास्त मोजले गेले. मग तेजाच्या ठरावीक मर्यादेखाली असणारे काही स्रोत त्या भागात मर्यादेच्या वर येतील आणि तेथे नसलेली गर्दी दिसू लागेल. मोठ्या कोनीय अंतरांवर खऱ्या गर्दीतील चढउतार काही टक्के किंवा त्याहूनही कमी असल्यामुळे तेजमापनातील लहानशी चूकही त्यांना झाकून टाकू शकते. स्वसंबंधात ही चूक खऱ्या रचनेसारखीच दिसते. भिंग-नकाशा मात्र वेगळ्या उपकरणाने, वेगळ्या वारंवारतांवर व वेगळ्या तत्त्वाने तयार झालेला असतो. रेडिओ दुर्बिणीच्या चुकीची छाया त्यावर पडत नाही, म्हणून परस्परसंबंधात ती सरासरीने नाहीशी होते.

जीएमआरटी आणि टीजीएसएस सर्वेक्षण

जीएमआरटी ही दुर्बीण पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळील खोडद येथे, पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटर अंतरावर आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्र तिचे संचालन करते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना हे तिचे मुख्य अंग होय. त्यांपैकी १४ अँटेना सुमारे एक किलोमीटर लांबी-रुंदीच्या मध्यवर्ती क्षेत्रात असून १६ अँटेना इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन शाखांवर आहेत. दोन अँटेनांमधील कमाल अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे.

या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेवर, म्हणजे सुमारे २ मीटर तरंगलांबीवर, एप्रिल २०१० ते मार्च २०१२ या काळात आकाशाचे सर्वेक्षण केले. ते टीजीएसएस या नावाने ओळखले जाते. ह्यूब इंटेमा, प्रशांत जगन्नाथन, कुणाल मुळे आणि डेल फ्रेल यांनी या निरीक्षणांवर नव्याने प्रक्रिया करून तयार केलेली सूची २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. या सूचीत सुमारे ६.२ लाख रेडिओ स्रोत आहेत. सर्वेक्षणाचे क्षेत्रफळ सुमारे ३६,९०० चौरस अंश, म्हणजे संपूर्ण खगोलाच्या ९० टक्के आहे आणि कोनीय विभेदन सुमारे २५ विकला आहे.

सर्वेक्षणाची दक्षिण सीमा −५३° क्रांतीपर्यंत जाते. महाराष्ट्राचे अक्षांश कमी असल्यामुळे दक्षिणेकडील इतके आकाश खोडदहून गाठता आले. सुमारे १७.७° उत्तर अक्षांशावरील सोलापुरातून पाहिल्यास या सीमेवरील तारा दक्षिण क्षितिजापासून जास्तीत जास्त सुमारे १९° उंचीवर येतो. सोलापूरच्या आकाशात वर्षभरात चांगल्या उंचीवर येणारा जवळपास प्रत्येक भाग या सर्वेक्षणात समाविष्ट आहे.

१५० मेगाहर्ट्‌झवरील निरीक्षणांत पृथ्वीच्या वातावरणातील आयनांबराचा मोठा अडथळा असतो. आयनांबरातून येताना रेडिओ तरंगांच्या कलेत बदल होतो. हा बदल वेळेनुसार व दिशेनुसार वेगळा असल्यामुळे प्रतिमा विस्कटतात. इंटेमा यांच्या प्रक्रियापद्धतीत दिशानुसार दुरुस्ती करण्यात आली. तरीही निरनिराळ्या रात्री घेतलेल्या हजारो प्रतिमांचे तेज एकाच मापपट्टीवर आणणे हे अवघड काम राहते.

जादा गर्दीचा प्रश्न

सूची उपलब्ध झाल्यावर अनेक गटांनी टीजीएसएसमधील स्रोतांच्या वितरणाचा अभ्यास केला. पृथ्वी सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीच्या सापेक्ष सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने सरकत असल्यामुळे गतीच्या दिशेला रेडिओ स्रोत किंचित अधिक दिसणे अपेक्षित आहे. टीजीएसएसमध्ये आढळलेला असा द्विध्रुवी कल अपेक्षेच्या अनेक पट निघाला. मोठ्या कोनीय अंतरांवरील गर्दीही अपेक्षेहून अधिक असल्याचे आर्यना डॉल्फी व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले.

तुलनेसाठी अमेरिकेतील व्हेरी लार्ज ॲरे या दुर्बिणीने १९९० च्या दशकात १.४ गिगाहर्ट्‌झवर केलेले एनव्हीएसएस हे सर्वेक्षण उपलब्ध होते. त्यात सुमारे १८ लाख स्रोत आहेत. टीजीएसएसमधील बहुसंख्य स्रोत त्यातही आढळतात. असे असूनही एनव्हीएसएसमध्ये इतकी जादा गर्दी दिसत नव्हती. यावर दोन शक्यता उरत होत्या. कमी वारंवारतेवर तेजस्वी दिसणारे स्रोत खरोखरच वेगळ्या रीतीने विखुरलेले असल्यास विश्वाच्या प्रचलित प्रतिमानाला धक्का बसला असता. अन्यथा सर्वेक्षणाच्या तेजमापनात प्रदेशागणिक फरक राहिला असण्याची शक्यता होती. केवळ रेडिओ सूचींच्या आधारे यांतून निवड करणे अवघड होते.

जिउलिया पिच्चिरिली, मरीना मिलियाच्चो, एन्झो ब्रँकिनी व आर्यना डॉल्फी यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टीजीएसएस व एनव्हीएसएस या दोन्ही सूचींचा प्लँकच्या भिंग-नकाशाशी परस्परसंबंध मोजला. स्वसंबंधात दिसणारी टीजीएसएसची जादा गर्दी परस्परसंबंधात दिसली नाही. दोन्ही सर्वेक्षणांसाठी मिळालेले परस्परसंबंध एकमेकांशी जुळणारे होते. कृष्णद्रव्याच्या नकाशात जिचा मागमूस नाही अशी गर्दी खऱ्या रचनेतून आलेली नसावी, ती सूचीत दुरुस्त न झालेल्या पद्धतजन्य त्रुटींमुळे असावी, असा निष्कर्ष त्यातून निघाला. त्रुटी नेमकी कोणत्या टप्प्यावर शिरली, हे मात्र परस्परसंबंधातून कळत नाही.

या निष्कर्षामुळे सूचीची उपयुक्तता संपत नाही. एकेका स्रोताचे स्थान, रूप व वर्णपटाचा उतार यांसाठी ती वापरली जाते. मर्यादा येते ती मोठ्या कोनीय अंतरांवरील गर्दीच्या स्वसंबंधावर. भिंग-नकाशाच्या साहाय्याने टीजीएसएसमधील दीर्घिकांविषयी विश्वरचनाशास्त्रीय माहिती मिळवण्याचा मार्ग खुला राहतो.

इतर प्रमुख मापने

केंड्रिक स्मिथ, ऑलिव्हर झान व ऑलिव्हिए डोरे यांनी २००७ मध्ये डब्ल्यूमॅपचे नकाशे व एनव्हीएसएसची सूची वापरून पार्श्वभूमीवरील भिंग परिणामाचा ३.४ प्रमाण विचलनांचा पुरावा दिला. भिंग परिणामाचे अस्तित्व दाखवण्यासाठीच त्या वेळी रेडिओ दीर्घिकांची मदत घ्यावी लागली होती. २०१३ मध्ये प्लँकच्या पहिल्या भिंग-नकाशाचा एनव्हीएसएसशी संबंध सुमारे २० प्रमाण विचलनांनी दिसला.

चिलीमधील अटाकामा कॉस्मॉलॉजी टेलिस्कोपच्या ४७० चौरस अंशांच्या नकाशाची तुलना २०१५ मध्ये फर्स्ट या रेडिओ सर्वेक्षणाशी करण्यात आली. त्यात १.५ या प्रभावी ताम्रसृतीवर रेडिओ दीर्घिकांची अभिनती ३.५ ± ०.८ इतकी आली. या दीर्घिकांभोवतीच्या कृष्णद्रव्याच्या प्रभामंडलाचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४० लाख कोटी पट असल्याचे त्यावरून अनुमान निघाले. हे वस्तुमान दीर्घिकांच्या गटाला किंवा लहान समूहाला शोभणारे आहे. प्रबळ रेडिओ दीर्घिका दाट परिसरात वाढतात, या समजुतीला त्यामुळे दुजोरा मिळाला. युरोपातील लोफार दुर्बिणीच्या सर्वेक्षणाच्या पहिल्या भागासाठी डेव्हिड अलोन्सो व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये असेच मापन करून स्रोतांच्या ताम्रसृतींच्या वितरणावर मर्यादा घातल्या.

मर्यादा

या पद्धतीने एकेका दीर्घिकेचे अंतर मिळत नाही. संपूर्ण समुदायाचे सरासरी गुणधर्म मिळतात. अभिनती व अंतरानुसार वितरण यांची सरमिसळ पूर्णपणे दूर होत नाही, म्हणून वर्णपटाद्वारे अंतर ठरलेल्या दीर्घिकांचे लहान नमुने आधाराला घ्यावे लागतात. भिंग-नकाशातील गोंगाट लहान कोनीय अंतरांवर वाढत जातो. रेडिओ दीर्घिका सूक्ष्मतरंगांतही काही प्रमाणात प्रकाशतात. त्यांचे हे उत्सर्जन पार्श्वभूमीच्या नकाशात शिल्लक राहिल्यास दोन्ही नकाशांत समान त्रुटी शिरू शकते. हे टाळण्यासाठी तेजस्वी स्रोत झाकले जातात आणि निरनिराळ्या वारंवारतांवरील नकाशांची तुलना करून उरलेले उत्सर्जन वेगळे केले जाते.

पुढील प्रकल्प

दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलिया येथे उभारल्या जात असलेल्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या प्रकल्पातून टीजीएसएसपेक्षा कितीतरी अधिक रेडिओ स्रोतांच्या सूची अपेक्षित आहेत. भारत या प्रकल्पात सहभागी असून राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राकडे त्यातील भारताच्या सहभागाचे नेतृत्व आहे. चिलीमधील सायमन्स वेधशाळा पार्श्वभूमीचे अधिक तपशीलवार नकाशे तयार करत आहे. सूचीतील स्रोतांची संख्या वाढली की यादृच्छिक त्रुटी घटते. पद्धतजन्य त्रुटी तशीच राहते. त्यामुळे आगामी सर्वेक्षणांत स्वतंत्र नकाशाशी पडताळणी करण्याची गरज अधिक भासणार आहे.